विबेके, आणि मागे प्रेबेन

२२ एप्रिल
कॅमेऱ्याची नवी लेन्स आली! एफ १.१. जुन्या घाटाची, पितळी, दोन रिंगांची. हातात घेतली की भारदस्त वाटतं. हिच्यातून माणूस मऊ आणि उजळ दिसतो, स्वप्नातल्यासारखा. अडाणी लोक त्याला धूसर म्हणतात.
संकल्प : १८ मेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं. त्या दिवशी नाश्त्याला सगळ्यांसमोर विबेकेच्या पोर्ट्रेटवरचा पडदा ओढायचा. हॉलमधली गाईंची तसबीर काढून तिथे बायको लावायची. सगळ्यांना सांगून टाकलंय, म्हणजे आता माघार नाही.
मॅन्युअल खोक्यातच ठेवलं. तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. नजर हाच माझा धंदा.

२३ एप्रिल
विबेकेला बेत सांगितला. म्हणाली, पंचवीस वर्षांनी बायको मऊ करून बघायची हौस आली होय?
संध्याकाळी मॅन्युअल वाचत बसली होती. बिचारी. पाकिटातलं सूपसुद्धा सूचना वाचल्याशिवाय करत नाही.

२६ एप्रिल, सकाळी दहा
पहिली बैठक. बागेत, सफरचंदाखाली. अठ्ठ्याऐंशी फोटो. पुढची रिंग अगदी हळुवार फिरवली. काय वितळतं चित्र! वा!
निकाल : विबेके शुभ्र, तेजस्वी, कडा नसलेली. मागे झुडपांच्या कुंपणापाशी शेजारचा प्रेबेन कात्री घेऊन उभा. त्याच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो.
विबेके म्हणाली, मी कुठंय यात? म्हटलं, तो उजेड म्हणजे तू. म्हणाली, अगंबाई, मला वाटलं चादर वाळत घातलीय.
दोष प्रेबेनचा. तो मुद्दाम स्पष्ट उभा राहतो.

३० एप्रिल
बंदरावर बैठक. मागे फेरीबोट. बोटीचं नाव वाचता येतं, लंगरावरचा गंज दिसतो. विबेके वाचता येत नाही.
याला लेन्सचं व्यक्तिमत्त्व म्हणतात. ते समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो. दोन तास कॅमेऱ्याला डोळा लावून बसलो होतो.
नवल म्हणजे विबेके कुरकुरली नाही. एरवी मी दोन मिनिटं सलग बोललो की तिला चुलीवरचे बटाटे आठवतात. आज दोन तास बसली, आणि वर विचारलं, उद्या पण बसू या का?
कलेचा प्रभाव. दुसरं काय.

५ मे
आज माझी विद्यार्थिनी परीक्षेत नापास. आरशात बघितलंच नाही म्हणे. चांगली झापली. म्हटलं, बाई, समोर काय आहे ते बघायला शिका आधी! आणि पुस्तक वाचा, ते काय उगाच छापलंय का?
विबेके आत भांडी पुसत होती. तिला अचानक ठसका लागला.

८ मे
सहावी बैठक. विबेकेने आपण होऊन निळा ड्रेस घातला. केसही सेट करून आली. फोटोत निळा ढग आला. मागे प्रेबेन. शर्टाचं एक बटण तुटलंय त्याच्या.

१० मे
मेहुणी युटे कॉफीला. फोटो दाखवले. म्हणाली, विबेके सोडून सगळा डेन्मार्क छान आलाय. मी तिला बाह्य आणि आंतरिक सौंदर्यातला फरक समजावून सांगितला. तोवर तिने केकचा तिसरा तुकडा संपवला.
प्रेबेनने कुंपणावरून एक प्रिंट मागितली, बहिणीला पाठवायला. दिली नाही. उलट सांगितलं, आठवडाभर कुंपण कापू नकोस. म्हणाला, अरे फ्लेमिंग, मे महिना आहे बाबा, पाला काय तुझ्या कलेसाठी थांबणार आहे?

१५ मे
एक हजार एकशे चाळीस फोटोंतून एक निवडला. नाव : 'प्रकाश'. भला मोठा करून फ्रेमला दिला. फ्रेमवाल्याने निरखून बघितला आणि म्हणाला, मिशा फार सुरेख आल्यात.
मिशा!
जाऊ दे. भिंतीवर लांबून बघायचा आहे.

१७ मे, संध्याकाळ
बाहेर शेजारी आमच्या दारावर हिरव्या फांद्यांची कमान बांधताहेत. लग्नाच्या पंचविशीची ही इथली रीत, आणि आम्हाला काही कळलेलंच नाही असं दाखवायचं असतं. प्रेबेन शिडीवरून घसरला आणि एक सणसणीत शिवी हासडली. आम्ही रेडिओ मोठा केला.
पोर्ट्रेटवरचा पडदा चारदा ओढून बघितला. काळजी म्हणून नव्हे. दोरी तपासायला.

१८ मे, सकाळी नऊ
सहाला खिडकीखाली सगळी गल्ली गायला लागली. एकजण ट्रम्पेट घेऊन. आम्ही झोपेतल्या कपड्यांतच कमानीखाली. मग सगळे आत. गरम पाव, चीज, कडू दारूचे छोटे ग्लास.
मी चार शब्द बोललो. पडदा ओढला.
सगळे जवळ येऊन बघू लागले.
युटे म्हणाली, प्रेबेन फार छान आलाय.
टाळ्या. प्रेबेनचे डोळे भरून आले. म्हणाला, माझ्यासाठी आजवर कोणी एवढं केलं नव्हतं.
मग सगळ्यांनी ताटल्यांवर चमचे वाजवायला सुरुवात केली. तसं झालं की नवराबायकोने खुर्चीवर चढून मुका घ्यायचा असतो. कोणीतरी ओरडलं, प्रेबेनलाही चढवा! विबेके खुर्चीवर उभी राहून इतकी हसत होती की मुका माझ्या नाकावर बसला.
मला फार लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो, बाहेर बोलणार नाही.

१८ मे, दुपार
सगळे गेले. कमानीखाली पायरीवर बसलो. म्हटलं, उद्या लेन्स परत करतो. माल खराब निघाला.
विबेकेने कॅमेरा घेतला. म्हणाली, हे बघ, पुढची रिंग नुसती मऊपणाची. फोकसची मागची. तिला तू महिनाभरात बोटसुद्धा लावलं नाहीस. ती लांबच्या खुणेवरच राहिली, म्हणून लांबचं तेवढं साफ येतं. पान एकेचाळीस.
विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, तेवीस एप्रिलपासून.
मग बोलली का नाहीस?
तिने कॅमेरा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, दोन-दोन तास माझ्याकडे बघत बसायचास रे. सांगितलं असतं तर पाच मिनिटांत उरकलं असतंस.
कॅमेरा डोळ्याला लावला, मागची रिंग फिरवली. धुकं हललं आणि विबेके आली. डोळ्यांखालच्या रेषा, एक पांढरी भुवई, हनुवटीवर टाक्यांची बारीक खूण. फार सुंदर दिसत होती.
विचारलं, ही खूण कधीची गं?
म्हणाली, नऊ वर्षं झाली. हॉस्पिटलात तूच गाडीतून नेलं होतंस. सगळा वेळ रस्त्याकडे बघत होतास.