हातासकट मोजलेला ठोकळा

भावोजींना वहिनीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? शाळेचा जिना दिवसातून एकदाच चढा, विज्ञान खालच्या वर्गातही शिकवता येतं. इकडे आम्ही ठणठणीत. तुमचे उपकार फेडायचे कसे ते कळेना, म्हणून हे पत्र.

भंगाराच्या वखारीत मालकांनी मला महिनाभर काट्यावर बसवून पाहायचं ठरवलं होतं (नाही जमलं तर परत पत्रे निवडायला), हे तुम्हाला ठाऊक आहेच. चौथी शिकलेल्या बाईला तुम्ही घनता शिकवलीत: वजन ग्रॅममध्ये, सांडलेलं पाणी मिलीलीटरमध्ये, आणि वजनाला पाण्याने भागायचं. तीन आकडेही लिहून दिलेत, पितळ साडेआठ, लोखंड पावणेआठ, दगड अडीच. काल महिन्याचा शेवटचा दिवस, आणि ओतारी एक काळाकुट्ट ठोकळा घेऊन हजर. म्हणाला पितळ आहे. मालक म्हणाले, "बाई, सांगा बघू." वजन भरलं सतराशे ग्रॅम. बादली काठोकाठ भरली, खाली परात ठेवली. तुम्ही बजावलं होतंत, वस्तू धपकन टाकायची नाही, अलगद सोडायची. मी इतकी अलगद सोडली की सोडलीच नाही. मुठीत धरून हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवला! पाणी सांडलं सहाशे ऐंशी. भागाकार केला (दोनदा, कागदावर), अडीच! मग काय, माझं तोंड सुटलं. दगड पितळ म्हणून खपवतोस, लाज नाही वाटत, वगैरे वगैरे. तो म्हणाला, "मावशी, मी ओतारी आहे, पाथरवट नाही. आणि तो हात घरी ठेवून या, मग मोजा."

सगळी वखार खदखदली. मी मुकाट्याने बादली पुन्हा काठोकाठ भरली आणि ठोकळा सुतळीला बांधून सोडला. पाणी दोनशे. साडेआठ! ओताऱ्याची सगळ्यांदेखत माफी मागितली (आयुष्यात दुसऱ्यांदा, पहिली सासूबाईंची, तीही मनातून नव्हे). मालक म्हणाले, आधीचा माणूस नुसतं ठोकून सांगायचा, आणि चुकला तरी कबूल व्हायचा नाही. काटा तुमच्याकडेच राहू दे. भावोजी, मला शिकवायला कधी कुणी बसलं नव्हतं. तुम्ही तीन रविवार बसलात, माझी बोलणी खात. देव तुमचं भलं करो.

तुमची वहिनी

ता. क. तांबं, शिसं, जस्त, ॲल्युमिनियम, सगळ्यांचे आकडे पाठवा. तोंडपाठ आहेत असं मालकांना सांगून बसले आहे.

आणखी एक. आकडे राहू द्या, पत्र आणणाऱ्याच्याच स्कूटरवर बसून या. उद्या ट्रकभर माल येतोय, आणि त्यातलं शिसं कोणतं तेही मला ओळखता येत नाही.