थरथर नेमकी कुणाची?

सौ. चिमणीस थोरलीचा आशीर्वाद.

तू बरी असशीलच. आजारी असतीस तर तुझंच रडगाणं आधी आलं असतं. माझं विचारशील तर आमच्या घरात आजारी कोण, याचाच घोळ झालाय.

टीव्हीपुढे मी तुझ्या भाऊजींचा हात धरून बसते (प्रेमाने नव्हे, रिमोट लांबवू नये म्हणून). तर तो हात सारखा थरथरायचा. म्हटलं, म्हातारा गेला कामातून. मेंदूच्या इस्पितळात कंपवातावर संशोधन चालतं, तिथे ओढतच नेलं. "अगं, मला काही होत नाही," असं वाटभर चाललं होतं. मी म्हटलं, "रोग्याला रोग कळता तर डॉक्टर उपाशी मेले असते."

डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिने ह्यांना विचारलं, त्रास काय? मी सांगितला. झोप लागते? तेही मीच सांगितलं. (आमच्यात लग्नापासून हीच रीत.) शेवटी वैतागून म्हणाली, "आजी, तुम्ही पलीकडे बसा बघू, हात मांडीवर ठेवून." बसले. बघते तर ह्यांचा हात दगडासारखा गप्प, आणि माझा अंगठा माळेचे मणी ओढल्यासारखा चाललाय! (जन्मात कधी जप केला नाही, आणि आता हा परस्पर करतोय.)

मी लगेच म्हटलं, ह्यांचा रोग मला लागला, हात धरू नये तो असा. ती म्हणाली, "हा लागणारा रोग नाही, आजी." मग हात धरला ह्यांचा, हलला ह्यांचा, आणि रोग माझा कसा? तिने दोनदा समजावलं, दोन्ही वेळा मी मान डोलावली, कळलं काही नाही. पुढे मला चालवलं, बोटं आपटायला लावली, बाटल्या हुंगवल्या. साबण, कॉफी, लसूण, मला सगळं पाणीच. (ह्या रोगात म्हणे नाक आधी जातं.) ह्यांनी दारातून ओळखलं! आता तिथे तुलनेला एक निरोगी माणूस लागतो, ते हे. तेव्हापासून छाती काढून चालतात.

तुझी थोरली

ता. क. अजून तपासण्या आहेत. कंपवातच निघाला तर बरा होत नाही, गोळ्यांनी आवरतो म्हणे. रडू नकोस, तू रडलीस की मला हसू येतं.

आणखी एक. इस्पितळवाल्यांना माझं सख्खं भावंडही तपासायचंय. मी तुझं नाव देऊन मोकळी झाले. तुझा हात हलत असेल तर कळवत बसू नकोस, सरळ ये. हलत नसेल तरी ये. त्या तपासणीच्या खोलीत मला एकटीला जायचं नाही, आणि ह्यांच्यादेखत घाबरायची मला सवय नाही.