गप्प जखम

प्रिय ठमे,

अक्षर पाहून हसू नकोस. शाळेचं तोंड जेवढं पाहिलं, तेवढंच उमटणार. फोन केला असता, पण तुझी आई दाराला कान लावून असते, आणि माझी कथा मला तिच्या तोंडून चार घरांत ऐकायची नाही.

तुझ्या प्रयोगशाळेत तू माझ्या बोटातून रक्त काढलंस, आठवतं? पडद्यावर माझ्याच पांढऱ्या पेशी, गोगलगाईसारख्या, एका कोपऱ्याकडे सरपटत निघालेल्या. मी विचारलं, तिकडे जखम आहे का गं? तू म्हणालीस, जखम नाही आजी, जखम झाली की शरीर जी प्रथिनं सोडतं, त्यांचा थेंब ठेवलाय. त्या वासावर चालतात. नुसती हाक. मी खुर्चीवर बसलेली, आणि माझ्यातलंच काहीतरी मला न विचारता रिकाम्या घराकडे चाललेलं.

माझ्या गुडघ्यांच्या दुखण्याचंही तेच, असं तू समजावलंस. खोटी हाक, आणि धावून आलेल्या पेशी घरच कुरतडतात. तुझ्या हट्टापायी ते इंजेक्शन घेतलं, हाकेच्या तोंडावर हात ठेवणारं. गुण आला, नाकारत नाही. जिना चढते. म्हातारी शंभरी गाठणार म्हणून तुझ्या आईचा चेहरा बघण्यासारखा झालाय.

गेल्या आठवड्यात कापड बेतताना निसटती कात्री धरायला गेले, तर टोक उजव्या तळहातात घुसलं. रक्त आलं, थांबलं. मग काहीच नाही. लाली नाही, सूज नाही, ठणका नाही. तुझी आई म्हणाली, किती स्वच्छ जखम. इंजेक्शन देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, खरचटलं तरी कळवा. म्हटलं, दुखतच नाही तर काय कळवायचं? रोज पट्टी सोडून बघते. कडा पांढऱ्याफटक, जखम आ वासून पडलेली. अख्ख्या अंगात कुणाला पत्ता नाही. एक माशी तेवढी येते. कितीही हाकला, पट्टीवर नेमकी तीच जागा धरते. तिला काय ऐकू येतं, देव जाणे.

आज उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. हे डाव्या हाताने लिहिलंय. शेजारचा ड्रायव्हर तुझ्याकडेच निघालाय, त्याच्या हाती देते. जन्मात मी कुणाला ये म्हटलं नाही, तुझ्या आजोबांनासुद्धा नाही. अंगाने हाक मारायची सोडली, म्हणून मला मारावी लागतेय. त्याच्याच गाडीने ये. मी माशी हाकत दाराशी बसले आहे.

तुझीच,
कजाग आजी