झाडलेल्या खुणा

त्या पोलिसाम्होरं "आमची आई वाट चुकली" असं का म्हणालास? मी चुकले न्हाई. आधी त्ये माघारी घे.

असो. चिरंजीव अमृत, आशीर्वाद.

आटपाडीपासनं कराडपतूर मेंढरामागं मी वीस वर्सं चालले. तू घोड्यावर बांधलेला असायचास. फाट्यावर डहाळी मोडून टाकायची, वर धोंडा ठेवायचा, म्हंजी वाट कळती. तुझ्या जर्मनीत मी त्येच केलं. तुमी दोघं कामावर गेल्यावर दर वळणाला खूण ठेवत नदीवर गेले. तिथं बाकावर एका म्हातारीनं मला सफरचंद दिलं. ती तिच्या भाषेत बोलत हुती, मी माझ्या. सुनंचीच गाऱ्हाणी असणार, तोंडावरनं कळतंय की!

माघारी फिरले तर एकबी खूण जाग्यावर न्हाई. झाडूच्या गाडीनं सगळा रस्ता चाटूनपुसून नेल्याला. म्हणून त्या पोलिसानं मला घरापतूर आणून सोडलं. ह्यात माझी काय चूक?

तवापासनं तू भाईरनं कुलूप घालून जातोस. आरं, मेंढरं बी आमी दिवसा कोंडत न्हाई.

गावाकडं जायाचं माझं इमान अकरा दिवसांनी हाय. त्यातला एकबी दिस मी खिडकीला नाक लावून काढणार न्हाई. उद्या परत नदीवर जाणार. ह्या खेपंला नातीचा खडू घेऊन भिंतींवर खुणा करीन, बघू कोण झाडतंय.

तुझी आई,
सुलाबाई

ता. क. सूनबाई राणीच्या हाती पडंल म्हणून हे माझ्याच उशीखाली ठेवलंय. सकाळी चहाला तोंडानंच विचारीन, किल्ली देतोस का न्हाई? उत्तर तू द्यायचं, बायकोकडं बघायचं न्हाई.