जेवताना विचारलेला प्रश्न

रत्नागिरी,
२५ जानेवारी २०२६

प्रिय अरशदभाई,

सलाम. तू आणि उमैमाभाभी खुशाल असाल. कुवेतमध्ये यंदा थंडी फार आहे म्हणे. इथे दुपारी पंखा लागतो. आंब्याला मोहोर चांगला आलाय.

येत्या शनिवारी मी कॉलेजातून निवृत्त होते. परवा मुलांनी निरोप दिला. मनस्वी, माझी विद्यार्थिनी, भाषणात म्हणाली, "लढाईवरून आलेल्या माणसाला लढाईचं थेट विचारायचं नाही, आधी घरचं, जेवणाखाणाचं विचारायचं, हे मॅडमनी शिकवलं." टाळ्या पडल्या आणि मी मान खाली घातली. देवरूखकडच्या गावांतले पेन्शनर सुभेदार, त्यांच्या बायका, सगळ्यांशी मी असंच बोलत आले. लढाई माणसांच्या घरात काय करते, यावर पुस्तकंही लिहिली. पण हे शहाणपण मला कुठून आलं, ते तुला ठाऊक आहे.

नव्वद सालचा सप्टेंबर आठवतो? कुवेतवर इराकचा हल्ला झाल्यापासून तुझी खबर नव्हती. तू येईपर्यंत अम्मानं घरात तुझ्या आवडीची सुरमई शिजू दिली नव्हती. एका दुपारी राजापूरहून आलेल्या एसटीतून तू आपल्या गावी, नाटेला उतरलास. अंगात कुणाचातरी ढगळ शर्ट, हातात पिशवीसुद्धा नाही. अम्मा रडत होती आणि रडता रडता मासे कापत होती. केवढा आनंद होता तो! त्या कालवणाच्या आठवणीनं आजही तोंडाला पाणी सुटतं.

आणि मी, इतिहासाच्या एम.ए.ची दीडशहाणी, वही घेऊन तुझ्या ताटासमोर बसले. "वाळवंटातून कसा आलास? काय काय पाहिलंस?" तुझा घास हातातच राहिला. अम्मा ओरडली, "पोराला जेवू दे गो! तुझी परीक्षा न्हाय हाय ही." तू उठून हात धुतलेस.

पुढच्या वर्षी परत गेलास तो पाहुण्यासारखाच येत राहिलास. अम्मा गेली तेव्हासुद्धा चारच दिवस.

आता लिहायला बसले ते सांगते. काल फोनवर भाभी बोलून गेली, "कायमचं घरी यायचं त्यांच्या मनात हाय गो, पन नसीमा खोदून खोदून विचारल म्हनतात." तिच्यावर रागावू नकोस. फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं. आयुष्यभर परकी माणसं माझ्याजवळ मन मोकळं करत आली, आणि माझा सख्खा भाऊ माझ्याच धास्तीनं परमुलखात राहिला.

भाई, मला तुझ्याकडून काहीही ऐकायचं नाही. मला तू हवा आहेस. रमजानच्या आधी या दोघं. नाटेच्या घराची कौलं परतून घेतली आहेत, विहिरीला पाणी आहे. पडवीत बसू. तू गप्प बसलास तर मीही गप्प बसेन. हे मला जमेल का, अशी शंका भाभी काढेलच. तिला म्हणावं, येऊन बघ.

वाट बघते.

आता नुसती बहीण उरलेली,
तुझी नसीमा