मंदाक्रांतेत निघालेला फोटो

आदरणीय साडूभाऊंना धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकंच वाकून). गुडघा आता जिना चढू देतो, की अजून रुसलेलाच? त्याच्यापायी तुम्ही हिच्या सत्तरीला आला नाहीत, ताईंना एकट्यांना यावं लागलं. इकडे सर्व क्षेम आहे. मुख्य म्हणजे माझा फिरता कॅमेरा क्षेम आहे, आणि त्याच आनंदात हे पत्र.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी बिस्किटांच्या डब्याचा कॅमेरा केला आहे. ग्रामोफोनच्या चावीवर तो स्वतःभोवती गोल फिरतो, आणि आत एका बारीक फटीमागून फिल्म सरकते. ती मात्र मला हँडलनं सरकवावी लागते. डबा आणि फिल्म यांची चाल जुळली तर माणसं माणसांसारखी येतात. फिल्म रेंगाळली की माणूस चेपतो, धावली की पसरतो. आजवरच्या सगळ्या रोलांत आमचे नातेवाईक पाव आणि पोळपाट यांच्या मधले काहीतरी दिसत होते. शेवटी हिनं बजावलं, "हा रोल गेला, तर तो डबा भंगारात. आणि वर तुम्हालाही घेतात का विचारीन!" साडूभाऊ, ती विनोद करत नव्हती.

म्हणून या खेपेला जय्यत तयारी. भिंग एकाच अंतराला पक्कं बसवलेलं, तेव्हा गच्चीवर दोरीनं तेवढंच अंतर धरून खडूचं वर्तुळ काढलं, मधोमध कॅमेरा. जो रेघ सोडील तो धूसर होईल, असं सर्वांना सांगितलं. (दंतवैद्य मेहुणे तरीही पाऊलभर पुढे आले. त्यांचे दात तेवढे स्पष्ट आहेत, बाकी धुकं.) ताई हिला म्हणाल्या, "तू आपली कडेला उभी राहा गं, मध्ये मावायची नाहीस." वर्तुळाला कड नसते, हे भूमितीच्या मास्तरांनी त्यांना शिकवलेलं दिसत नाही. ही सरळ ताईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

हँडलची चाल एकसारखी राहावी म्हणून मी भुजंगप्रयात म्हणत होतो, मनातल्या मनात. शाळेत गुरुजी डस्टरनं टेबलावर ठेका धरायचे, तोच हाताला धरला. काय ते वृत्त! शिपायासारखं पावलं टाकत जातं. निम्मी मंडळी झकास पार पडली. मग फटीसमोर ही आली. वाऱ्यानं बट उडतेय, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात न पळता ही एका जागी स्वस्थ उभी आहे, माझ्याकडे बघत. माझ्या तोंडी कधी मंदाक्रांता आली कळलंच नाही! फार संथ वृत्त हो ते, पाय ओढत, मागे वळून बघत चालणारं. हातही तसाच चालला. भानावर आलो तेव्हा पुढचं अंतर भरून काढायला भराभरा फिरवलं.

रोल धुवेस्तोवर न्हाणीघरात माझा जीव टांगणीला. छापलेली लांब पट्टी ही चष्मा लावून कितीतरी वेळ बघत होती. मी भंगारवाल्याची हाक ऐकू येते का तेवढं ऐकत होतो. मग म्हणाली, "अहो, ही मीच का? किती शेलाटी दिसतेय!" रेंगाळलेल्या फिल्मनं तिला चवळीच्या शेंगेसारखी केली होती. ही लाजली. या वयात, साडूभाऊ! डबा आता शोकेसमध्ये आहे, चिनी मातीच्या बदकांना हलवून. इतकं हलकं मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

ताईंना सविनय नमस्कार.

आपला,
धाकटा साडू

ता. क. खरं काम आता लिहितो. ते 'पुढचं अंतर' म्हणजे ताई. त्या दोनदारी कपाटाएवढ्या निघाल्या आहेत. फोटोचं पाकीट वेगळं येईल, ते कृपा करून तुम्हीच पोस्टमनकडून घ्या आणि हरवा.

ता. क. दुसरा. हिनं आत्ता मागून वाचलं. म्हणते, पाकीट परवाच गेलं, खास ताईंच्या नावानं. ताईंचा आत्ताच फोनही येऊन गेला. तुमच्याकडे दोन दिवस राहायला येणार होतो, ते मी रद्द करतो. तुम्हीच इकडे या. गुडघ्याचं बघू.