टिंबांची वही

युसूफ वडगाव,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. वत्सलाबाई यांना,

वडगावहून प्रियदर्शनीचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र येऊन अठरा दिवस झाले. हातात फोन असताना पत्र लिहिणाऱ्या आता जिल्ह्यात तुम्ही एकट्याच उरल्या असाल, आणि अशा माणसाला वेळेवर उत्तर न देणारी मीही एकटीच. रागावला असाल तर रागवा. गुडघ्यांचं काय म्हणता? नेकनूरच्या थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, तेव्हा म्हणत नाही. निदान कानाला बांधत जा.

इकडे सगळं ठीक. भगवानराव सर मुख्याध्यापक झाल्यापासून ऑफिसातली खुर्ची बदलली, बाकी काही बदललं नाही. तुमच्या वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा ओल येऊन कोकणाच्या बाजूनं सुटलाय. तुमच्या निवृत्तीनंतर इतिहास-भूगोल नव्या सरांकडे गेलाय. ते उत्तरं फळ्यावर लिहून देतात, मुलं उतरवून घेतात आणि तास दहा मिनिटं आधी संपतो. मुलांना ते फार आवडतात.

तुम्ही राजनंदिनीची टिंबांची वही मागितली आहे, जानेवारीत बीडच्या प्रशिक्षणात शिक्षकांना दाखवायला. मी दोनदा पाकीट आणलं. एकदा पत्ता चुकला. एकदा नेकनूरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा नव्हता, त्याच्या हाती कशी द्यायची? ही कारणं लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे.

तुम्ही ते टिंबांचं खूळ काढलंत तेव्हा मी किती हसले होते, आठवतं? "बाई, तुम्ही भूगोलाच्या तासाला वाचन घेता, उद्या मी विज्ञानाच्या तासाला बाराखडी घेऊ का?" तुम्ही म्हणालात, "घे. पोरांना बाष्पीभवन वाचता येत नाही, तर तुझं चंचुपात्र काय पूजेला ठेवायचंय?" मग मीही घेऊ लागले. मुलांनी एक उतारा वाचायचा, कळला नाही त्या शब्दाखाली पेन्सिलीनं टिंब द्यायचं, आणि त्याचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत सांगता आला की मगच टिंब खोडायचं. टिंब देणाऱ्याला कुणी हसायचं नाही. आणि शेवटचा नियम तुम्ही फळ्याच्या वरच खडूनं लिहून ठेवला होता: टिंबाला उत्तर त्याच दिवशी.

आठवीत आली तेव्हा राजनंदिनी ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. दर वर्षी अर्धं वर्ष आईबापांबरोबर उसाच्या फडात, मग दुसरं काय होणार? तिची वही मी परवा परत चाळली. तुमच्या तासाचा शब्द, पर्जन्यछाया. समोर तिनं लिहिलंय, "डोंगर पाऊस पिऊन घेतो आन आपल्याला नुस्तं ढग दावतो." माझ्या तासाचा, बाष्पीभवन. "दोरीवरच्या धुण्यातलं पानी कुनी न पिता जातं ते." पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला आजही हीच बरी वाटते. नववीत तिच्या बापानं, त्रिंबकनं, तिला आजीजवळ ठेवलं आणि फडावर नेलं नाही. त्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं. "पोरगी वाचाया लागली म्याडम, आता तिला न्हाई नेत," असं तो शाळेच्या फाटकात उभं राहून म्हणाला होता, आणि तुम्ही घरी जाऊन शिरा केला होता.

पोरगी कशी आहे, दहावीचा अभ्यास करते का, असं तुम्ही विचारलंय.

पाणी येण्याची वेळ झाली आहे. भांडी भरून येते.

सोमवार, १५ डिसेंबर

काल पाणी भरून झाल्यावर मी परत कागदाजवळ आले नाही. आज सुट्टी टाकली आहे. ताप आहे म्हणून कळवलं, ताप नाही.

बाई, दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. ऑगस्टमध्ये मी तो उघडला. समोर बारा मुलगे, अकरा मुली. आकृती दिसली, मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, आणि मी म्हटलं, "हा धडा सोपा आहे. घरी वाचून या." तेरा वर्षं मी हेच करते आहे. मी शिकत होते तेव्हा माझ्या विज्ञानाच्या बाईंनीही हेच केलं होतं. एकेका शब्दासाठी पान अडवून धरणारी मी, त्या दिवशी सोळा पानं एकदम उलटली. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही, आणि तुम्हीही कधी विचारलं नाही.

घटस्थापनेनंतरच्या शुक्रवारी राजनंदिनी शाळेत आली नाही. तिच्या आईच्या, चंद्रभागाबाईंच्या, पोटात दुखायचं. एकतीस वर्षांची बाई. उसाला जायच्या आधी दाखवून घेऊ म्हणून ते तिघं एका खासगी दवाखान्यात गेले होते. तिथं सांगितलं, सूज आहे, पिशवी साफ करावी लागेल, आजच करू. मग कागद पुढे आला. चंद्रभागाबाई आधीच सावध होती. तिच्या जावेची पिशवी काढली होती आणि ती जाऊ दोन वर्षांत म्हातारी दिसू लागली होती. पिशवी काढू द्यायची नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तर पोरीला शाळा बुडवून बरोबर नेली. कागद पोरीच्या हातात देऊन म्हणाली, "वाच गं समदा. मंग अंगठा देते."

राजनंदिनीनं वाचला. न अडखळता वाचला, तुम्ही असता तर पाठ थोपटली असतीत. दोन शब्दांशी मात्र थांबली. गर्भाशय उच्छेदन. घरात सगळे पिशवी म्हणतात, पुस्तकातला शब्द तिनं कुठे ऐकायचा? मी तर पान उलटलं होतं. तिनं दवाखान्यातलं पेन घेऊन दोन्ही शब्दांखाली टिंबं दिली आणि बाहेर येऊन मला फोन केला.

मला फोन आला तेव्हा रेंज नीट नव्हती.

हे मी तिच्या आजीला सांगितलं, त्रिंबकला सांगितलं, अडीच महिने स्वतःलाही सांगते आहे. रेंज चांगली होती, बाई. मी स्टाफरूममध्ये होते. ऑनलाइन माहिती भरायची म्हणून भगवानराव सर आणि तिघे शिक्षक शेजारी बसले होते. माझ्या फोनचा कानाला लावायचा आवाज गेलेला आहे, स्पीकरवरच बोलावं लागतं. सगळ्या खोलीत तिचा आवाज घुमला. "म्याडम, गर्भाशय उच्छेदन म्हंजी काय वो? हितं कागदावर लिवलंय."

एका सरांनी मान खाली घातली. नव्या सरांनी चहाच्या कपात बघून हसू दाबलं. मी म्हटलं, "आत्ता कामात आहे. पुस्तकात बघ, नंतर सांगते." ती म्हणाली, "पुस्तक घरी हाय, म्याडम." मी फोन ठेवला.

पिशवी काढून टाकणं. एवढंच सांगायचं होतं. पुढं मी पाऊण तास यादीतल्या मुलांचे आधार नंबर भरत बसले.

पाच वाजता शाळा सुटल्यावर रस्त्यात थांबून मी फोन केला. त्रिंबकनं उचलला. "झालं आपरेशन, म्याडम. काई काळजी न्हाई. पोरीनं समदा कागद वाचला, मंगच आंगठा दिला." त्याच्या आवाजात अभिमान होता. मी विचारलं, कसलं ऑपरेशन? म्हणाला, "साफ केली पिशवी." तेव्हाही मी खरं बोलले नाही. 'बरं' म्हटलं.

टाके काढायच्या दिवशी तिथल्या नर्सनं सहज सांगितलं, आता पाळीची कटकट मिटली. तेव्हा त्यांना कळलं. त्रिंबक तावातावानं आत गेला, तर त्यांनी कागद पुढे केला. मुलगी शिकलेली आहे, वाचून दाखवलं, अंगठा आहे, आता काय म्हणायचंय? बाई, पोरीला वाचता येत नसतं तर चंद्रभागाबाई त्या दिवशी उठून घरी आली असती. हे मी दिवसातून कितीदा तरी मनात म्हणते.

मी त्यांच्या घरी गेले. चंद्रभागाबाई बाजेवर पडून होती. मला बघून उठायला लागली, आलेल्या बाईला चहा तर दिला पाहिजे ना. मी खांदा धरून बसवलं. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, "ह्याच्यासाठीच तर पोरीला संगं नेलती, म्याडम."

राजनंदिनी चुलीपाशी होती. कागदाची झेरॉक्स तिनं डब्यातून काढून माझ्यापुढं धरली. दोन निळी टिंबं स्पष्ट दिसत होती.

"मी टिंब दिलतं, म्याडम," ती म्हणाली. "दवाखान्यातला मानूस म्हनला, कागदावर खुना करू नको. तरी दिलतं. त्यालाच इचारलं तर म्हनला, पिशवी साफ करनं म्हंजीच त्ये. तुमी फोन कावून ठिवला?"

मी म्हटलं, रेंज नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. स्टाफरूममधला पंखासुद्धा तिला तिकडून ऐकू आला असणार. मग ती आत गेली, टिंबांची वही आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि भाकरी थापायला बसली.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी गेली. कोयत्याला दोन माणसं लागतात, चंद्रभागाबाईच्या अंगात मोळी उचलायचं बळ नाही, म्हणून नवऱ्याबरोबर आता राजनंदिनी ऊस तोडते आणि आई कोपीवर, फडाजवळच्या पाचटाच्या खोपटात, स्वयंपाक करते. दहावीचा फॉर्म मी भरून ठेवलाय. आजीकडून फोन नंबर घेऊन तिला कळवलं तर म्हणाली, "नका भरू म्याडम, मला आता वाचायचं न्हाई." आवाजात रुसवा नव्हता, नाहीतर मी समजूत काढली असती. तिच्या वयाची असताना तिची आईही अशीच बोलली असावी.

मागच्या आठवड्यात मी तो धडा परत घेतला. तेवीसपैकी नऊ मुलं वर्गात आहेत, बाकीची फडावर. मी दार उघडं ठेवून, मोठ्यानं, एकेक शब्द वाचला. गर्भाशय म्हणजे पिशवी, हे फळ्यावर लिहिलं. नवे सर वऱ्हांड्यातून दोनदा गेले. माझा आवाज अजिबात कापला नाही. आता कशाला कापेल? मग विचारलं, कुणी टिंब दिलं? नऊची नऊ पुस्तकं कोरी. एकालाही न कळलेला शब्द नव्हता असं कसं होईल? सगळ्या गावाला ठाऊक आहे, टिंब दिल्यावर काय झालं ते.

वही पाठवते आहे. प्रशिक्षणात दाखवायची तर सगळी दाखवा, पर्जन्यछायेचं पान दाखवून थांबू नका. शेवटच्या पानावर तिनं लिहिलेले तेच दोन शब्द आहेत, समोरची जागा मोकळी आहे. तिथं अर्थ लिहायला मी दोनदा पेन घेतलं. ती जागा माझी नाही म्हणून परत ठेवलं. तुम्हीही भरू नका.

उत्तराची घाई नाही. मला काय लिहावं हे तुम्हालाही सुचणार नाही.

तुमची,
प्रियदर्शनी
विज्ञान शिक्षिका

(सवयीनं सहीखाली 'शिक्षिका' लिहिलं गेलं. त्या शब्दाखाली मी टिंब दिलं आहे, बघा.)